सासूबाईंची सही

जावई खाणीचा मॅनेजर आणि सासूबाई कोळसा तपासणाऱ्या प्रयोगशाळेच्या प्रमुख. म्हणजे घरी सरबराई अन् इथे खडे बोल! आज जावयाला तपासणीच्या अहवालावर त्यांची फक्त एक सही हवी होती. ती मिळाली तर सोमवारी नवा थर खोदायला सुरुवात, नाहीतर इतक्या महिन्यांची तयारी पाण्यात.

"आई, आकडा तर आलाय. मऊ कोळशात छिद्रंच छिद्रं, मधल्यात बरी, आणि आमच्या कडक कोळशात जवळजवळ नाहीतच. छिद्रंच नाहीत तर तो पेट घेणारा वायू साठणार कुठे? करा की सही."

"उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग!" नमुन्याच्या नळीवरची नजर न काढता सासूबाई म्हणाल्या. "हा आकडा नायट्रोजनचा, जावईबापू. तो भयंकर थंडीत मोजतात. त्या गारठ्यात नायट्रोजन अरुंद छिद्राच्या तोंडाशीच अडून बसतो, आत शिरतच नाही. मग काय, घर रिकामं म्हणायचं? आता नळी बर्फाच्या पाण्यात ठेवून कार्बन डायऑक्साइडनं मोजणार. तिथं गारठा त्या मानानं कमीच, तो आत घुसतो."

"म्हणजे आणखी एक दिवस?"

"लागले तर दोन."

जावयाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण करतो काय! कोळशाची भुकटी तापवून तिच्यातली ओल आणि हवा ओढून घ्यायची, मग कार्बन डायऑक्साइड थोडासा सोडायचा, दाब स्थिर होईपर्यंत थांबायचं, पुन्हा सोडायचा. बाई जागच्या हलेनात. बर्फ वितळला की नवा घालत. जरा शंका आली की अख्खं मोजमाप पहिल्यापासून. बघता बघता त्याचा राग कुठल्या कुठे गेला. अशी चिकाटी त्यानं जन्मात पाहिली नव्हती. इतकी वर्षं आपण यांना नुसतं 'जेवण छान झालं' म्हणत आलो, याची त्याला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आकडा आला आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. छिद्रं नाहीत म्हटलेल्या त्या कोळशाच्या एका चिमटीत अख्ख्या घराच्या फरशीएवढी जागा दडलेली होती! तिथे केवढा वायू दबा धरून बसला असेल, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

'आधी वायू बाहेर काढा, मगच खोदा,' असं लिहून सासूबाईंनी सही ठोकली.

"गेला तुमचा सोमवार. रागावलात?"

"छे हो! मानलं आई तुम्हाला."

"पुरे झालं कौतुक. सोमवारी खाली पहिलं कोण उतरणार होतं?"

हे त्यानं घरी कुणालाच सांगितलं नव्हतं.

"मी. माझ्यामागून बाकीची माणसं."

सासूबाई स्टूल ओढून बसल्या. हातमोजे काढायला गेल्या, तर बोटं लटपटायला लागली. त्यानं पटकन पाणी पुढे केलं.

"बरं झालं मला ठाऊक नव्हतं," त्या कशाबशा म्हणाल्या. "ठाऊक असतं ना, तर हात हा असा कापला असता, आणि मोजमाप चुकलं असतं."