कावळ्याची मान

आई शाळेत शिकवायची तेव्हा दरवर्षी मुलांकडून पक्ष्यांचा कार्यक्रम बसवून घ्यायची. आता ती आम्हालाही ओळखत नाही. "जुनं काहीतरी दाखवून बघा," असं डॉक्टर म्हणाले, म्हणून आम्ही तिघा भावंडांनी तिच्या पलंगासमोर तोच कार्यक्रम केला.

साठीचा दादा वहिनीच्या साडीचा पिसारा करून नाचला. मोर कसला, लंगडी कोंबडीच! ताई पोपट झाली आणि शेजाऱ्यांच्या नकला करून तिने घसा बसवून घेतला. मी कावळा. पुठ्ठ्याची चोच सारखी घसरत होती आणि माझं डोकं फिरलं होतं. या वयात हे कसले माकडचाळे?

"थांब!" आई एकदम ओरडली. "कावळा असा बघतो होय? मान वाकडी कर. एका डोळ्याने बघ."

मी मान वाकडी केली. आई खुदकन हसली.

"ओळखलं गं बाई तिने!" ताई रडायलाच लागली.

आईने टाळ्या वाजवल्या. आम्हाला जवळ बोलावून तिघांच्याही गालांवरून हात फिरवला.

"छान केलंत रे. आता पळा घरी. तुमची आई वाट बघत असेल."