खालून हाक

माझा दादा मोठमोठ्या इमारतींना परांच्या बांधतो. स्वतः उंचावर बिनधास्त, पण लेक पायरीवरून उडी मारणार म्हटलं की हा धरायला धावलाच. पाच वर्षांची झाली तरी घसरगुंडीवरून तिला हात धरूनच खाली आणायचा. मी त्याला ‘पोरीची छत्री’ म्हणून चिडवायचे. त्याला राग यायचा, सवय काही जायची नाही.

मी बालवाडी चालवते. मागच्या अंगणात जुन्या ओंडक्यांचा चढ रचलाय, टोकाला घंटा. खाली लाकडाच्या भुशाचा जाड थर. मी स्वतः त्यावर पडून पाहिलंय. खरचटेल, हाड मोडणार नाही. भाची कितीतरी दिवस त्या चढाभोवती नुसती घुटमळत होती. परवा दादा तिला न्यायला आला, तेव्हा ती अर्ध्याहून वर पोचली होती. एकटी. जीभ बाहेर काढून पुढचा पाय कुठे टाकायचा ते शोधत होती आणि मी खाली गप्प उभी होते.

“अगं ए! पडशील!” दादा फाटकातूनच ओरडला.

ती दचकली, मागे वळली, पाय सटकला. भुशात बदकन पडली. कोपर सोलवटलं. पोरं हसली. ती रडली नाही, नुसता फ्रॉक झटकत राहिली.

माझं डोकंच फिरलं. “दादा, तुझ्या कामावर वर चढलेल्याला खालून कुणी हाक मारली तर तू काय करतोस रे?”

काय करतो ते मला ठाऊक होतं. नुकतंच जेवताना फुशारकीने सांगितलं होतं त्याने: एका नव्या कामगाराने अशी हाक मारली, तर याने त्याला सगळ्यांदेखत घरी पाठवलं. दादाची मान खाली गेली. त्याला इतकं शरमलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मग मलाही लाज वाटली. लेकीसमोर हे विचारायला नको होतं.

“लागलं का गं?” त्याने हात पुढे केले.

“बाबा, तू बघतोस ना, म्हणून मी पडते,” ती म्हणाली. “तिकडे तोंड करून बस.”

तो बाकावर भिंतीकडे तोंड करून बसला. कान लालबुंद. मागे ओंडक्यावर बूट घासल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काहीच नाही. त्याने स्वतःचे गुडघे घट्ट धरले होते.

घंटा वाजली. आधी जराशी, मग चांगली ठणाठणा.

“बघू का आता?” त्याने भिंतीलाच विचारलं.

“नको,” वरून उत्तर आलं. “मला अजून उतरायचंय.”