लाल मेलेल्या, हिरव्या जिवंत म्हणे

मी एक जुनी काचपट्टी आहे आणि मला कोणाचीही कीव नको. माझा कोपरा ज्याने उडवला, त्यानेच माझ्यावर 'मोडकी' अशी चिठ्ठी डकवली. माणसांचा न्याय हा असा.

मित्रांनो, माझ्या अंगावर सूर्यफुलाच्या खोडाची एक चकती आहे, कागदाहून पातळ. प्रयोगशाळेतल्या बाईंनी ती कापली, अल्कोहोलात बुडवली, लाल आणि हिरव्या रंगांत रंगवली आणि कायमची चिकटवून टाकली. तेव्हापासून दरवर्षी अख्खा वर्ग सूक्ष्मदर्शकातून मला बघतो आणि घोकतो : लाल त्या मेलेल्या पेशी, हिरव्या त्या जिवंत. डोळा भिंगाला, लक्ष घड्याळाकडे.

यंदा तोंडी परीक्षेला एक मुलगी आली. वर्गात तिला 'शंकेखोर' म्हणत. गेल्या वर्षी याच टेबलाशी ती नापास झाली होती. या खेपेलाही नापास झाली तर शिक्षण बंद, घरच्या दुकानात बसायचं, असं वडिलांनी बजावलेलं. ते साऱ्या वर्गाला ठाऊक होतं.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी हातातला चहा न ठेवताच विचारलं, "यातल्या जिवंत पेशी दाखव."

ती भिंगातून बघत राहिली. मागे उभ्या बाई ओठांनी 'हिरव्या, हिरव्या' सुचवत होत्या.

"एकही नाही, सर."

बाईंनी डोळे मिटून घेतले.

"हिरव्या दिसत नाहीत का तुला?"

"दिसतात. पण तो रंग आपण दिलाय. अल्कोहोलात बुडवल्यावर कोण जिवंत राहील?"

"म्हणजे पुस्तक चुकलं आणि तू बरोबर?"

"पुस्तक उभ्या झाडाबद्दल सांगतं, सर. तेव्हा हिरव्या जिवंत होत्याच. जलवाहिनीतल्या या मोठ्या लाल पेशी मात्र तेव्हाही मेलेल्या होत्या. आतून रिकाम्या झाल्या, म्हणून तर पाण्याला वर जायला वाट मिळाली."

परीक्षकांनी कप ठेवला, खुर्ची ओढली आणि स्वतः भिंगाला डोळा लावला. इतक्या वर्षांत एखाद्या परीक्षकाने पहिल्यांदाच.

"पास," ते लिहिता लिहिता म्हणाले. "पण उत्तराला एवढा वेळ लावू नये."

पुढचा मुलगा आला. प्रश्न संपायच्या आत म्हणाला, "हिरव्या."

"आधी बघ तरी," परीक्षक म्हणाले.

मित्रांनो, मला मखमलीत जपा असं मी सांगणार नाही. मला वापरा, पण नीट बघा. लाल पेशींनी मेल्यावरही आपलं काम सोडलं नाही. निदान जिवंत माणसांनी तरी डोळे उघडे ठेवावेत.