जानवशाची चादर

‘येथील प्रत्येक छायाचित्र त्या-त्या खोलीतच काढलेले आहे.’ मित्रांनो, हॉटेलांच्या खोल्या घरबसल्या राखून देणाऱ्या एका संकेतस्थळावर १९९९ साली हे वाक्य इंग्रजीत झळकत होते. ते अक्षरशः खरे होते. शीळफाट्याजवळच्या एका लॉजच्या सहा खोल्यांची सहा छायाचित्रे तिथे होती. फक्त सहाही पलंगांवर मीच होते. एका खोलीचे छायाचित्र निघाले की मालक गुणाजी मला उचलून पुढच्या खोलीत नेई, फाटकी गादी माझ्याखाली झाकी आणि छायाचित्रकाराला सांगे, “पलंगच घे रे. भिंत नको.” सत्य इतक्या निगुतीने कातरलेले मी तोवर पाहिले नव्हते.

मी एक जुनी सोलापुरी चादर आहे. १९८४ साली मागावर माझा जन्म झाला. माझ्या काठावर मोर आहेत. विणताना एक धागा तुटला, तर तेवढ्यासाठी विणकराने अख्खा माग थांबवला होता. पुढे मी या लॉजवर आले. माझ्याबरोबर आलेल्या चादरींची पायपुसणी झाली, मी टिकले. मुक्कामाला आलेली माणसे माझ्यावरून हात फिरवून म्हणत, “चादर झकास आहे हो.” या कौतुकाचा असा उपयोग होईल, हे मला कळायला हवे होते, पण कळून तरी मी काय केले असते?

डोंबिवलीचा दगडू एके काळी सोलापुरात मागावर होता. माग बंद पडला तसा तो वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात लागला. त्याच्या मुलीचे, सरोजचे, लग्न बार्शीच्या मुलाशी ठरले. वऱ्हाडाची उतरण्याची सोय, म्हणजे जानवसा, मुलीच्या बापाने करायचा आणि त्यातली उणीव मुलीने जन्मभर ऐकायची, अशी आपली सुसंस्कृत रीत आहे. लग्नसराईत डोंबिवलीत खोल्या मिळेनात, म्हणून कारखान्यातल्या नाथाने त्याला सायबर कॅफेत नेले. तिथे संगणकाच्या काचेवर मी एकेक ओळ उमटत गेले, आणि दगडूने चार खोल्या घेतल्या.

लग्नाच्या आदल्या दुपारी वऱ्हाडाच्या स्वागताला तो बायकोला, रंगूबाईला, घेऊन आला. पहिल्याच खोलीत मला पाहून त्याचा चेहरा उजळला; बाकीच्या खोल्या उघडून पाहायची त्याला गरजच वाटली नाही. “अगं, मागावर बसलेला माणूस मी. अशी चादर अंथरणारा लबाड नसतो, म्हटलं.”

या तर्कात एकच दोष होता. विणणारा आणि अंथरणारा एक नसतात.

वऱ्हाडाची बस आली. वरमाय रखमाबाई पहिल्या खोलीत माझ्यावर टेकल्या. “बरी आहे हो सोय,” म्हणाल्या. तेवढ्यात शेजारून त्यांच्या जावेची हाक आली, “अक्का, जरा इकडं येऊन बघा.” शेजारी काथ्या बाहेर आलेली गादी होती आणि पोपडे धरलेली भिंत. तिसऱ्या, चौथ्या खोलीतही तेच.

दगडूने मग जे केले ते मी विसरू शकत नाही. तो धावत आला, मला ओढून काढले आणि दुसऱ्या खोलीतल्या गादीवर पसरू लागला. फसवला गेलेला तो सज्जन माणूस गुणाजीचेच काम करत होता, आणि मी निमूट पसरले जात होते.

रखमाबाई दारातून पाहत होत्या. आवाज न चढवता त्या म्हणाल्या, “विहीणबाई, जानवसा फोटोतला निघाला. मुलगी तरी दाखवली तीच आहे ना?”

वऱ्हाड बसमध्ये चढले आणि लग्नाच्या हॉलमधल्या सतरंज्यांवर झोपायला निघून गेले. लग्न लागलेही असेल. ते वाक्य मात्र सरोजच्या पाठोपाठ बार्शीला गेले असणार.

मित्रांनो, मला तोंड असते तर मी छायाचित्र काढतानाच ओरडले असते. मला नाही, तुम्हाला आहे. चांगल्या वस्तूची निगा राखा, आणि ती कुणाच्या लबाडीवर पांघरलेली दिसली, तर एक कोपरा उचलून खाली पाहा.

बस गेल्यावर दगडू मागे थांबला. भांडला नाही. “का केलंत असं?” एवढेच त्याने विचारले. माझी घडी घालता घालता गुणाजीने दिलेले उत्तर शब्दशः असे होते: “हे बघा दगडूभाऊ, खोली दाखवली असती, तर तुम्ही आला असता काय? म्हणून चादर दाखवली.”