एनॉकचा पिवळा वाडगा

मित्रांनो, मी एक जुना वाडगा आहे, आणि मला स्वतःचा फार अभिमान आहे. माझी सगळी भावंडं माझ्यामुळे फोडली गेली, तरीही आहे.

इंग्लंडातल्या स्टॅफर्डशरच्या मातीतून एनॉक टनिक्लिफने मला घडवलं. तो मोठा कारखानदार, पण चिखलात हात घालायची हौस काही सुटली नव्हती. त्याने मला पिवळी झिलई दिली आणि भट्टीत असं तापवलं की लोण्यासारखी चमक आली. माझ्यासारखी बरीच भांडी करून तो अनाथाश्रमाला देणार होता. गोरगरिबांच्या पोरांनीही देखण्या भांड्यात खावं, एवढंच त्याचं म्हणणं.

पाठवण्याआधी तो मला मित्रांना दाखवायला घेऊन गेला. ही मंडळी पौर्णिमेच्या जवळच्या सोमवारी लोखंडवाल्या गिडियन यार्नोल्डकडे जेवायला जमत. परतताना रस्ता दिसावा म्हणून पौर्णिमा. नोकरमाणसं त्यांना 'पौर्णिमेचे वेडे' म्हणत आणि मालकांना ते ठाऊक होतं. तिथे नियम एकच होता, बढाई मारायची तर टेबलावर सिद्ध करून दाखवायची.

"काय रूप आहे रे!" यार्नोल्डने मला उचलून उजेडात धरलं. मी फुलून गेलो.

"झिलईत शिसं आहे ना?" डॉक्टर पिमने विचारलं. हा माणूस हाडकुळा, पण खायला बसला की उठायचं नाव नाही.

"सगळ्यांच्याच असतं. पण माझ्या भट्टीत ते पक्कं बसतं. सुटत नाही."

"पोरं आंबट खातात की नाही?"

"खातात की."

"मग व्हिनेगर आण, गिडियन."

मटण संपेपर्यंत माझ्यात व्हिनेगर मुरत राहिलं. मग डॉक्टरने गंधकाच्या पाण्याचे थेंब टाकले. सडक्या अंड्यांचा वास सुटला आणि माझ्या पोटातलं व्हिनेगर काळंकुट्ट झालं. शिसं सुटलं होतं, म्हणजे विषच.

"तुझं व्हिनेगरच खराब!" एनॉक ओरडला.

डॉक्टरने बाटलीतलं तेच व्हिनेगर काचेच्या पेल्यात ओतलं, तेच थेंब टाकले. पेल्यात काळं काहीच झालं नाही.

"माझा महिन्याचा घाम आहे हा, पिम! मित्र म्हणवतोस आणि भर टेबलावर नाक कापतोस?"

"तुझं नाक परत येईल रे लेका. पोराचं पोट कुठून आणायचं?"

एनॉक टोपी विसरून निघून गेला. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतः हातोडा घेऊन सगळे वाडगे फोडले. यार्नोल्डकडे राहिलो म्हणून मी तेवढा वाचलो. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू? पण माझ्यातून कुणी खाल्लं नाही, हे सुखही होतं.

पुढच्या पौर्णिमेला एनॉक आला नाही. त्याच्या पुढच्याही. डॉक्टर त्याची खुर्ची कुणाला घेऊ देईना, आणि जेवणावर त्याचं लक्षही नसे. दोस्ती गेली, असंच मला वाटलं.

आणि एका सोमवारी एनॉक दारात उभा राहिला. हातांवर भाजल्याचे नवे चट्टे, काखेत नवा वाडगा. शिसं सुटू नये म्हणून ते वाळूबरोबर आधी वितळवून, दळून त्याने नवी झिलई केली होती. माझ्याइतकी चमक तिला नव्हती. नमस्कार ना चमत्कार, त्याने वाडगा डॉक्टरपुढे ठेवला.

"ओत."

डॉक्टरने व्हिनेगर ओतलं आणि जेवण होईपर्यंत मुरू दिलं. थेंब पडले. व्हिनेगर जसंच्या तसं राहिलं. डॉक्टरने वाडगा धुतला, त्यात गूजबेरीची आंबट फळं वाढून घेतली आणि सगळी संपवली.

"आता तुझी टोपी घेऊन जा," तो म्हणाला. "किती दिवस सांभाळतोय!"

पुढे मी माळ्यावर पडलो, माझ्यात खिळे ठेवले गेले. आता काचेच्या कपाटात आहे. त्या रात्री काळा पडलेला माझा तळ पाहून कुणी हळहळतं, कुणी म्हणतं, घासून लख्ख करा. मित्रांनो, तेवढं करू नका. आणि तुम्ही मोठ्या हौसेने काही घडवाल, तेव्हा आधी तुमच्या पिमकडे घेऊन जा. तो ओतू लागला, की त्याचा हात धरू नका.