कानातली घुंगरं

तिसरी कॉफी संपली तरी सासूबाईंचा पत्ता नव्हता. आमच्या नवाहो जमातीच्या कोर्टानं खटला समेटाच्या बैठकीकडे पाठवला होता. तिथे सगळं जुन्या रीतीनं चालतं, आणि मला त्याचीच धास्ती होती. रीतीनं चराईची जमीन बायकांच्या घराण्याची. एकोणीस वर्षं मी तिथे मेंढ्या राखल्या त्या जावई म्हणून. बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. आता मी कोण?

मी चराई सोडावी म्हणून मेव्हणी लोरेनानं अर्जात हेच विचारलं होतं. खाली अंगठा सासूबाईंचा; दोन वर्षं त्या तिच्याकडेच राहत होत्या. तो बघून माझं डोकंच फिरलं. इतकी वर्षं मी त्यांच्या दाराशी लाकडं फोडून ठेवायचो, त्या माझ्यासाठी निळ्या मक्याची भाकरी झाकून ठेवायच्या. तोंड मात्र एकमेकांचं कधी पाहिलं नाही. सासूकडे बघितलं की जावयाचे डोळे जातात, असं आमच्यात मानतात. त्यांच्या कानातली घुंगरं वाजली की मी वाट सोडायचो.

लोरेना म्हणाली, आता नातं संपलं, समोरासमोर बसा, नाटकं पुरे. समेट घडवणाऱ्या केलिवूड आजोबांनी तिचं म्हणणं वहीत टिपलं. मी ठरवलं, बघतोच. अंगठा देऊन मोकळ्या झालेल्या बाईचं तोंड तरी बघतो.

दार उघडलं. घुंगरं वाजली. मी सवयीनं भिंतीकडे वळलो आणि स्वतःवरच चिडलो.

आजोबांनी विचारलं, “ताई, लेकीकडेही ही घुंगरं घालता?”

“तिथे कुणासाठी घालू? आज जावई आत बसलाय म्हणून घातली.”

“आई, तो आता जावई नाही,” लोरेना म्हणाली.

“तू रोज डोकं खातेस म्हणून अंगठा दिला. जावई नाही असं मी कधी म्हटलं?” मग त्या आजोबांना म्हणाल्या, “त्याला सांगा, राहा म्हणावं. हिच्या मनात काही राहणार नाही एवढ्या मेंढ्या हिला दे.”

किती, ते सांगितलं नाही. आमच्यात सांगतही नाहीत, देणाऱ्यानं ओळखायचं. मी भिंतीकडे तोंड करून रडत होतो.

“निम्म्या देतो, आजोबा. आणि त्यांना विचारा, घरी कधी येताय. दोन वर्षांची लाकडं दाराशी रचून ठेवलीत.”