मिटायची राहून गेलेली मापवही

मित्रांनो, मी एक जुनी मापवही आहे. पण मला हातात घेऊ म्हणाल तर ते जमायचे नाही. मला पुठ्ठा नाही, शिवण नाही, कोपरे दुमडलेली पाने नाहीत. मी संगणकात राहते. पडद्यावर एक चौकट उघडते, तिच्यात कुणाची छाती, कुणाची कंबर, कुणाच्या बाहीची लांबी लिहिलेली दिसते, तीच मी.

माझ्या आधी घरात कागदाची मापवही होती. एके दिवशी तिच्यावर शिलाई मशीनचे तेल सांडले आणि अर्ध्या गल्लीच्या कमरा पुसल्या गेल्या. घरातली आई कपडे शिवायची. मुलगी तेव्हा संगणकाचे शिकत होती. ती म्हणाली, "आई, मी तुला अशी वही करून देते की तेल सांडलं तरी हूं की चूं करणार नाही." आणि तिने मला केले.

माझी बटणे, रकाने, चौकट हे काही तिने मुळापासून घडवले नाही. शिवणाऱ्याला बटणे आणि चेन तयार मिळतात ना, तसे आम्हा पडद्यावरच्या वह्यांचेही सुटे भाग तयार मिळतात. पण ते कुठे लावायचे, वहीने कधी जागे व्हायचे आणि कधी मिटायचे, हे मात्र जिचे तिने ठरवायचे असते. मुलीने तेच मन लावून ठरवले. कात्री ठेवायच्या टेबलाच्या टोकाला बसून, आईने कापलेल्या चिंध्या पायाने बाजूला सारत, तिने मला जगायला शिकवले.

माझे जगणे साधे होते. सकाळी आई पडद्यावरच्या टेपच्या चित्रावर दोनदा टकटक करी. मी जागी होई, कपाटातून सगळी मापे काढून हातात घेई, चौकट उघडी आणि वाट पाहत बसे. आमच्या आयुष्याचा बराचसा वेळ असा वाट पाहण्यातच जातो. कुणी अक्षर दाबले की लिहायचे, नाही तर गप्प बसायचे. संध्याकाळी आई कोपऱ्यातल्या फुलीवर टकटक करी. मग हातातले सगळे मी पुन्हा कपाटात ठेवी आणि मिटून जाई.

हे हात आणि कपाट तेवढे नीट लक्षात ठेवा, मित्रांनो. हातातले असते ते वीज आहे तोवरच. कपाटात ठेवलेले मात्र वीज गेली तरी राहते. आणि माझी कपाटात ठेवायची वेळ एकच होती. मिटताना.

सुरुवातीला मिटताना मी एक प्रश्न विचारत असे, "बदल जतन करायचे का?" खाली दोन बटणे, हो आणि नको. आता आईचा स्वभाव असा की कुणी काहीही विचारले की तिच्या तोंडून आधी "नको" निघायचे. पाणी हवे का, नको. पंखा लावू का, नको. तिने मलाही शांतपणे "नको" सांगितले आणि हेडमास्तरांची ताजी मापे हवेत गेली. दुसऱ्या दिवशी त्यांना पुन्हा बोलवावे लागले.

"पुन्हा? अहो, कालच तर मोजलंत पोट!"

"कालचं जेवण धरायचं राहिलं होतं," आई टेप सोडवत म्हणाली. हेडमास्तर हसले, मुलगी तर पोट धरून हसली.

नंतर आई मुलीला म्हणाली, "हे बघ, तुझी वही रोज माझी परीक्षा घेते. जतन करायचे का म्हणे! अगं, टाकून द्यायला लिहिलं होय मी?"

"बरोबर आहे तुझं," मुलगी म्हणाली. तिने तो प्रश्न काढून टाकला. तेव्हापासून फुलीवर टकटक झाली की मी काही न विचारता सगळे जपून ठेवू लागले.

दुसरी एक गंमत झाली. मला जागे व्हायला थोडा वेळ लागे आणि आईला तेवढा धीर नसे. ती टकटक करीतच राही. एकदा पडद्यावर एकावर एक सतरा वह्या उघडल्या. आई घाबरून उभीच राहिली. "यातली आपली कुठली गं?" मग मुलीने मला शिकवले की मी एकदाच जागे व्हायचे. आधीच जागी असेन आणि आईने पुन्हा चित्रावर टकटक केली, तर नवी वही उघडायची नाही, तीच पुढे येऊन उभी राहायची.

या दोन्ही गोष्टी मुलीने मायेने केल्या होत्या. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे जे झाले ते या दोन गोष्टींतूनच झाले.

ती वर्षे माझी भरभराटीची होती. प्रत्येक पानाच्या शेवटी शेऱ्याचा रकाना होता आणि आई त्यात काय काय लिही! पोस्टमनच्या पानावर होते, "पिशवीने उजवा खांदा खाली आलाय. बोलायचं नाही, आतून सावरून घ्यायचा." हेडमास्तरांच्या पानावर, "पोटाचा विषय काढायचा नाही." लोक म्हणत, या बाईंना माप घेतल्यावाचून कळते. तिला सगळे माझ्याकडून कळत होते आणि मला तिच्याकडून.

मग मुलीला दूर नोकरी लागली. ती निघाली त्या सकाळी आई दारात आली नाही. मशीनवर बसून राहिली. मुलगी उंबऱ्यात बॅग घेऊन उभी, आणि आतून नुसता टीप घालण्याचा आवाज. "आई, निघते गं." "हं." एवढेच. पुढे कितीदा तरी मुलीने फोनवर विचारले, "त्या दिवशी तू बाहेर का नाही आलीस? रागावली होतीस का?" आई म्हणे, "एक कोट द्यायचा होता." मुलीला ते कधी पटले नाही.

निघण्याआधी तिने माझ्या आत, जिथे फक्त करणाऱ्यालाच दिसते तिथे, स्वतःसाठी एक ओळ लिहून ठेवली होती. "नंतर: दर पाच मिनिटांनी आपोआप जतन." पण नोकरी, लग्न, बाळ. ती ओळ तशीच राहिली. मी तिला पोटात घेऊन काम करीत राहिले.

बाळ झाले. मुलगीच झाली. आईने तिचे पान उघडून वर लिहिले, "चिमणी". ती वर्षाची झाल्यावर फोनवरून माप विचारून घेतले. छाती एकोणीस. शेरा, "दोन बोटं वाढती ठेवायची."

मग एके दिवशी आईने मुलीचे स्वतःचे पान उघडले. फोनवर ती तिला म्हणाली, "तुझ्या पानावर काहीतरी लिहितेय. आलीस की वाच."

"आत्ता सांग ना!"

"फोनवर बोलायचं नाही ते. तू ये तर खरी."

"पुढच्या महिन्यात नक्की. आणि वही चालते ना नीट?"

"चालते की. रोज उघडते."

त्या संध्याकाळी आईने फुलीवर टकटक केली. मी सगळे कपाटात ठेवले. मित्रांनो, त्यानंतरचे एकवीस दिवस मला आठवत नाहीत. एकही नाही. त्या दिवसांबद्दल मी जे सांगणार आहे ते मी नंतर ऐकलेले आहे.

मला पुन्हा जाग आली तेव्हा समोर आई नव्हती. मुलगी होती. तिच्या मांडीवर चिमणी होती आणि मागे पेटीवर मामा बसले होते. आईचे दिवस उरकून चार दिवस झाले होते. मुलीने घाईघाईने स्वतःचे पान उघडले. शेऱ्याच्या रकान्यात दोन ओळी होत्या. ती खाली सरकली. खाली काही नव्हते. मग तिने शेवटचे जतन कधी झाले ती तारीख पाहिली, तिथपासून आईला दवाखान्यात नेले तोवरचे दिवस बोटांवर मोजले आणि तिचा हात माउसवरच थांबला.

शेजारची इस्त्रीवाली बाई चहा घेऊन आत आली. ती आईची मैत्रीण. मुलीने विचारले, "मावशी, आई शेवटी शेवटी यावर काही लिहीत नव्हती का?"

"लिहीत नव्हती? रोज लिहायची! दुपारचा सगळा वेळ तेच. मी म्हटलं, बाई, कादंबरी लिहितेस की काय?"

"मग संध्याकाळी बंद कशी करायची?"

"हाताला कंप सुटला होता ना तिच्या. तुला नाही बोलली?" इस्त्रीवाल्या बाईने चहा खाली ठेवला. "ती कोपऱ्यातली फुली केवढीशी! दोन दिवस तिच्या मागे लागली होती, माशी मारावी तशी. मग म्हणाली, मरू दे, पडदाच घालवते. त्याचं बटण चांगलं मोठं आहे. सकाळी पडदा लावायचा, त्या टेपच्या चित्रावर टकटक करायची, की उभी ही बया समोर! म्हणाली, बघ, लेकीने काय शहाणी वही केलीय."

 मुलीला सगळे कळले. आणि ऐकता ऐकता मलाही. एकवीस दिवस मी मिटलेच नव्हते. पडदा काळा झाला की आईला वाटे, वही मिटली. सकाळी टकटक झाली की मी जागी होत नव्हते, नुसती पुढे येऊन उभी राहत होते, मुलीने शिकवले होते तशी. एकवीस दिवसांचे सगळे मी हातात धरून बसले होते. त्या दिवसांत वीज एकदाही गेली नाही. गेली असती तर पहिल्या दिवशीच काय ते कळले असते.

"रागावून लिहीत होती का गं?" मुलीने हळूच विचारले.

"रागावून? छे! मधेच हसायची. मधेच डोळ्याला पदर लावायची. मी वाकून बघायला गेले तर म्हणाली, लांब हो, लेकीचं आहे."

आता मागून मामा बोलले. "दवाखान्यात नेलं ना तिला, तेव्हा मीच घर आवरलं. या संगणकाच्या डब्याचा दिवा जळत होता. म्हटलं, रिकाम्या घरात कशाला, म्हणून प्लग काढला." त्यांनी मुलीच्या चेहऱ्याकडे पाहिले. "माझ्या हातून काही बिघडलं नाही ना गं?"

मुलीने चिमणीला दुसऱ्या मांडीवर घेतले. 

"नाही मामा. जुनंच आहे ते."

मामांनी सुटकेचा निःश्वास सोडला आणि चहा घेतला. त्यांना अजूनही ठाऊक नाही. मित्रांनो, आपण त्यांना सांगायचे नाही.

दुपारी मुलीने मशीनचे झाकण काढले. आत बेतून ठेवलेला फ्रॉक होता, पुढचा तुकडा, पाठ, दोन इवल्या बाह्या, कडेने खडूची रेघ. रेघ सरळ नव्हती. तिच्यात हाताचा कंप जसाच्या तसा उमटला होता. मुलीने टेप घेतला. शिवणीत जाणारे कापड वजा केले, वाढती दोन बोटे वजा केली. छाती वीस आली. माझ्याकडे एकोणीस होती. फोनवर कधीतरी ती सहज म्हणाली असेल, "वाढलीय गं चिमणी," आणि आईने ते धरून ठेवले होते. तिने चिमणीच्या पानावर एकोणीस खोडून वीस केले. एवढे एकच त्या एकवीस दिवसांतले माझ्याकडे परत आले. कापडाने ते सांभाळले होते.

शब्द मात्र कापडावर नव्हते.

मग ती माझ्या आत शिरली. "नंतर" लिहिलेली ती ओळ तिला सापडली. तिने ती कितीतरी वेळ नुसती पाहिली. चिमणी अंगठा चोखत झोपून गेली होती. तिला एका हाताने धरून मुलगी दुसऱ्या हाताने टाइप करीत राहिली. ती ओळ तिने पुसली आणि तिच्या जागी, जे आधीच व्हायला हवे होते ते केले. आता प्रत्येक अक्षर दाबले की ते कपाटात जाते. फुलीही तिने मोठी केली, चांगली शर्टाच्या बटणाएवढी. इतकी मोठी फुली आता कुणाला लागत नाही. पण ती तशीच आहे.

शेवटी तिने मला नीट मिटले. म्हणूनच त्या दिवसाचे हे सगळे मला आठवते.

आता मी मुलीच्या घरी असते. कपडे कुणी शिवत नाही. मला फारसे काम नाही. वर्षातून एकदा, चिमणीच्या वाढदिवसाला, तिचे माप घेऊन लिहितात. चिमणी खुर्चीवर उभी राहून ओरडते, "आई, मी मिटू?" आणि ती मोठी फुली दाबते.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणासाठी काही करून ठेवलेले असेल. ते वापरणाऱ्याला फोनवर "चालतं ना?" एवढेच विचारून थांबू नका. चालते की, असेच उत्तर येते. हात कसा आहे, ते विचारा. जवळ बसून एकदा तरी पाहा, ते उघडतात कसे आणि मिटतात कसे. आणि "नंतर" अशी ओळ कुठे लिहून ठेवली असेल, तर आजच शोधून काढा. मी तशी एक ओळ वर्षानुवर्षे पोटात बाळगली आहे. तिचे वजन मला माहीत आहे.

मुलगी कधी कधी काही काम नसताना मला उघडते. आपले पान काढते. छाती, कंबर, बाही सगळी जुनी मापे, आता एकही बरोबर नाही. खाली शेरा.

"तू गेलीस त्या सकाळी मी दारात का आले नाही ते तुला सांगायचं आहे. आज हात दुखतोय, उद्या लिहिते."

त्याखाली रकाना रिकामा आहे. मुलगी तिथे काही लिहीत नाही. मीही काही विचारत नाही. मी चौकट उघडी ठेवते आणि वाट पाहत बसते.